नकली घडीची पूजा

३ ऑगस्ट १९७५, रविवार

आजपासून लिहून ठेवायचं ठरवलं. माणसं तोंडावर काय वाट्टेल ते बोलतात आणि मग नाकबूल करतात. गिरणीत मी टाइमकीपर आहे. तिथे कोण किती उशिरा आला ते मी लिहितो आणि त्यावर कोणाला बोट ठेवता येत नाही. घरीही तसंच करणार.

तर आज बाबूलालच्या दुकानात माझा पानउतारा झाला तो असा.

बाबूलाल घडीसाज आहे. इतवारी पेठेत त्याचं दुकान. दुकान कसलं, दोन फळ्या आणि एक काचेचं कपाट. रविवारी बंद असतं, पण दाराची एक फळी उघडी ठेवून आत तिघं बसतात: स्वतः बाबूलाल, एस.टी.तला कंडक्टर भैयाजी, आणि शाळेत ड्रॉइंग शिकवणारे ताराचंद मास्तर. तिघांना एकच वेड, नकली घड्याळं जमवायचं. अस्सल म्हणून नकली घेऊन फसणारे पुष्कळ असतात. हे लोक नकली आहे हे पाहून घेतात. डबा एकाचा, यंत्र दुसऱ्याचं, तबकडी कुठल्या तरी गल्लीत रंगवलेली, आणि वर मोठ्या परदेशी कंपनीचं नाव. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. शनिवारी म्हणतात त्या जुन्या बाजारातून असले वाळे हुडकून आणायचे आणि रविवारी मांडून बसायचं, हा यांचा छंद.

मी यांच्यात कसा गेलो तेही लिहितो. उन्हाळ्यात माझं फॉरेनचं घड्याळ बंद पडलं म्हणून दुरुस्तीला नेलं. बाबूलालने मागचं झाकण काढलं, आत पाहिलं आणि हसतच सुटला. मी तेव्हाच उठून यायला हवं होतं. पण तो म्हणाला, "इतकी सुंदर नकली घडी म्या लय दिवसांत नाही पायली. रविवारी घेऊन येजो." गेलो. अजून जातो आहे.

त्यांच्यात एक चाल आहे, तिला ते पूजा म्हणतात. ज्याने नवीन घड्याळ आणलं त्याने ते मधोमध रुमालावर ठेवायचं. बाकीच्यांनी पाळीपाळीने त्याला शिव्या घालायच्या, घड्याळाला, आणणाऱ्याला, आणि रंगात आले की त्याच्या सासऱ्यालाही. शिव्या संपेपर्यंत मालकाने हूं की चूं करायचं नाही. मग चहा.

आज माझी पाळी होती. शनिवारीतून निवडून आणलं होतं, सोनेरी, चांगलं जड.

"हे काय उचलून आनलं गा भोंग्या?" भैयाजी म्हणाला. भोंगा म्हणजे मी. गिरणीचा भोंगा. माझं नाव जागेश्वर आहे आणि ते चांगलं नाव आहे.

मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवला. "स्विस लिवाचं होतं. डब्ल्यू उलटा लागला, तं स्मिस झालं. हा देश मले नकाशात कुठी भेटला नाही."

"सेकंदकाटा पाय ना," भैयाजी म्हणाला. "बारावर आला का थांबते. दम घेते. मंग पुढं जाते. अस्सल नागपूरचा आहे."

बाबूलाल डोळ्याला भिंग लावून आत पाहत होता. "यंत्र हातातल्या घडीचं नाहीच. टेबलावरच्या अलार्मचं कापून बसवलं. भोंग्या, झोपीत हे वाजली तं घाबरजो नको."

असं अर्धा तास चाललं. मी ओठ आवळून बसलो. चहाही मीच पाजला. घरी येऊन बायकोला, सुभद्राला सांगितलं तर ती पोळी लाटता लाटता म्हणते, "शिव्याच द्याच्या असत्या तं बोलावते कायले? इतवारीत शिव्या खानाऱ्याची कमी आहे का?"

बायकांना यातलं काही कळत नाही.

१० ऑगस्ट, रविवार

आज बँकेतले एक अधिकारी आले. बदली होऊन आलेत, यांच्या छंदाबद्दल कुठून तरी ऐकलं म्हणाले. त्यांनीही एक नकली घड्याळ ठेवलं. मला वाटलं, आता याची सालं निघणार. पण नाही. "छान आहे, साहेब." "या, बसा." "मास्तर, साहेबांसाठी जागा करा." एक वाकडा शब्द नाही. दहा मिनिटांत साहेब खूश होऊन गेले.

पाठ वळताच भैयाजी म्हणाला, "गेला बावा एकदाचा," आणि माझ्या पायजम्याच्या नाडीवर घसरला.

म्हणजे यांना बोलता येतं. माणूस पाहून बोलतात. बँकेचा अधिकारी दिसला की साहेब, आणि मी कोष्ट्याचा पोरगा, तांडापेठेतला, म्हणून भोंगा. माझे वडील मागावर नऊवारी विणायचे. त्या लुगड्यांचा काठ यांच्या आयांनी मिरवला असेल. पण सांगणार कोणाला?

१९ ऑगस्ट, मंगळवार

आणीबाणीत टाइमकीपरला भाव आला आहे. मॅनेजरने बोलावून सांगितलं, कोणाचीही गय करायची नाही. मी आधीही करत नव्हतो. आज फाटकात सगळ्यांना अडवलं. एकजण म्हणाला, बायको आजारी आहे. म्हटलं, मग तिची हजेरी लावू का? मागून कोणीतरी थुंकलं. माझ्या चपलेच्या जवळ पडलं.

२४ ऑगस्ट, रविवार

चार दिवस तापाने पडलो आहे. दुकानात गेलो नाही. बरं झालं म्हटलं, एक रविवार तरी डोक्याला शांती. तर संध्याकाळी तिघंही घरी हजर. भैयाजीने मोसंबी आणली होती. मास्तरांनी साबुदाणा आणला, आमच्या घरी साबुदाणा नसल्यासारखा.

आजारी माणसाशी चार शब्द बरे बोलावेत की नाही? "गोधडीतून निसतं नाक दिसून राहिलं. मले वाटलं उंदीर आहे," हे भैयाजीचं. मास्तरांनी सुभद्राला विचारलं, "वैनी, याचा ताप मोजला का? का तोही लेट मार्क केला?" सुभद्रा तोंडाला पदर लावून हसली. तिचंही मी लक्षात ठेवलं आहे.

बाबूलालने तर कमाल केली. आमच्या भिंतीवरचं घड्याळ वर्षभर बंद आहे. ते पाहून म्हणाला, "टाइमकीपरच्या घरी टाइम मेला." मग स्टुलावर चढून त्याच्याशी काहीतरी चाळे करत बसला. बाकीचे दोघं मला शिव्या घालत होते, म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही. अंधार पडल्यावर गेले.

आता लिहिताना टिकटिक ऐकू येते आहे. घड्याळ आपोआप चालू झालेलं दिसतं. पावसाळी हवेत कधीकधी होतं असं.

३० ऑगस्ट, शनिवार

आज मी अस्सल घड्याळ घेतलं.

नकली नाही. खरोखरचं, समुद्रावरून आलेलं. देणाऱ्याने नाव विचारू नका म्हणून बजावलं. पैसे कुठून आणले ते इथे लिहीत नाही. सुभद्रा चौथी शिकलेली आहे, तिला वाचता येतं. खोलीची कडी लावून कानाशी धरलं. आवाज असा बारीक की आपण श्वास रोखला तरच ऐकू येतो.

उद्या यांचं तोंड कसं बंद होतं ते बघायचं आहे.

३१ ऑगस्ट, रविवार

बंद झालं. तिघांचंही.

रुमालावर ठेवलं आणि मागे सरकून बसलो. भैयाजीने तोंड उघडलं होतं ते तसंच मिटलं. मास्तरांनी तबकडीवरची अक्षरं पाहिली, पुन्हा पाहिली, आणि चष्मा उतरवला. बाबूलालने झाकण काढलं. बराच वेळ आत पाहत राहिला. मग झाकण लावलं, पंच्याने पुसलं आणि माझ्या हातात दिलं.

"चांगली घडी आहे," तो म्हणाला.

"मग? पूजा करा की."

"असलीची पूजा आमी नाही करत गा," भैयाजी म्हणाला. "असलीले का शिव्या द्याच्या?"

मास्तरांनी बाहेर रस्त्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "हे घरी ठेव बावा. इथं आनू नको. दिवस खराब आहे. स्मगलिंगच्या मालासाठी रोज कोनाच्या ना कोनाच्या दुकानात घुसून राहिले. आत टाकलं तं जमानतही होत नाही."

मी म्हटलं, जळता का मास्तर? त्यांनी चष्मा परत लावला. चहाही बाबूलालने पाजला, आणि नंतर सगळे लवकर उठले.

जिंकलो मी. येताना चितार ओळीपर्यंत छाती काढून आलो. पुढे मात्र कंटाळा आल्यासारखं झालं. आज एकदाही कोणी मला भोंगा म्हटलं नाही. म्हणजे वचक बसला. मग बरं का वाटत नाही, कळत नाही. अजून तापाची कसर असेल.

६ सप्टेंबर, शनिवार

हे मी विसरणार नाही. मेलो तरी नाही.

काल पोळा झाला, आज मारबत. सगळं इतवारी रस्त्यावर. बाबूलालच्या दुकानापुढच्या फळीवर उभं राहिलं की मिरवणूक छान दिसते, म्हणून गेलो. अस्सल घड्याळ हातात होतं. ते मी काढत नाही, कोणी काही म्हणो. पिवळ्या मारबतीचा भलामोठा पुतळा समोर आला, लोक आपापल्या घरची रोगराई, इडापीडा तिच्यासोबत पाठवत ओरडायला लागले. आणि माझ्या शेजारी उभा राहून भैयाजीने, एस.टी.त घसा तयार झालेला माणूस तो, ठणाणा केला, "भोंग्याची अक्कड घेऊन जा गे मारबत!"

मास्तर आणि बाबूलालने तेच उचललं. मग फळीखालचे लोक. मग पलीकडच्या पानठेल्यावरचे. तिथे आमच्या गिरणीचे सात-आठ जण उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांचे चेहरे असे उजळले की काय सांगू. सगळा चौक माझी अक्कड मारबतीबरोबर नाल्यावर जाळायला पाठवत होता.

भैयाजीने वर माझ्या खांद्यावर हात टाकला. "गेली गा तुही पीडा. आता चाल, चना पोहा खाऊ."

मी हात झटकला आणि निघून आलो. वर्षाची घाण, खोकला, महागाई, भ्रष्टाचार, आणि त्यांच्या रांगेत मी.

८ सप्टेंबर, सोमवार

गिरणीच्या फाटकात आज शंभर तोंडांतून तेच. घेऊन जा गे मारबत. मी रजिस्टरमधून मान वर केली नाही. कोण ओरडलं ते दिसत नव्हतं, म्हणून कोणाचं नाव लिहिता येईना. दुपारी डबा उघडलाच नाही.

९ सप्टेंबर, मंगळवार

आमच्या गल्लीच्या टोकाला पोलिसातला रामाजी जमादार राहतो. आज त्याच्याकडे गेलो. त्याला सांगितलं की बाबूलालच्या दुकानात दर रविवारी विदेशी घड्याळं मांडून बसतात, डझनावारी, दार अर्धं बंद करून. रामाजीने मिशीवरून हात फिरवला. म्हणाला, "गणपतीचा बंदोबस्त होऊ द्या. साहेबाच्या कानावर घालतो."

यात मी खोटं काय बोललो? घड्याळांवर विदेशी नावं आहेत. मांडून बसतात. दार अर्धं बंद असतं. पोलीस येतील, दोन दणके देतील, नकली आहे बघून परत जातील. तोपर्यंत तिघांची बोबडी वळेल, बस एवढंच मला पाहिजे. एकदा त्यांनाही चौकात उभं राहून कळू दे.

सुभद्राने विचारलं, रामाजीकडे काय काम होतं. रेशनकार्डाचं, असं सांगितलं.

२१ सप्टेंबर, रविवार

जायचं नव्हतं. पण सारखं गैरहजर राहिलो तर संशय येईल म्हणून गेलो.

मला पाहून भैयाजी म्हणाला, "मारबत परत आली गा. नाल्यानं पन नाही घेतली." मी तोंड वाकडं करून बसलो. पूजा मास्तरांच्या घड्याळाची होती. त्यांनी नवीन आणलं होतं, तबकडीवर तारखेची खिडकी, आणि आत तारीख रंगवलेली. कायमची एकतीस.

माझ्या तोंडून निघून गेलं, "मास्तर, तुमच्या पगाराची तारीख आहे ही. महिनाभर पाहत बसा."

बाबूलालच्या डोळ्यावरचं भिंग खाली पडलं. भैयाजी फळीवर आडवा होऊन हसायला लागला. मास्तर, ज्यांच्या घड्याळाला शिवी बसली ते, उठून माझ्या पाठीत धपाधप गुद्दे मारत होते. "आला बे, भोंगा लायनीवर आला!" मग मला थांबवेना. घड्याळाचा पट्टा, मास्तरांची सायकल, त्यांचा साडू, सगळ्यांची पूजा केली. मलाही हसू आलं. किती दिवसांनी हसलो ते आठवत नाही, आणि लिहिताना थोडी लाजही वाटते आहे.

येताना वाटलं, रामाजीला सांगून टाकावं की काही नाही, माझी चूक झाली. उद्या जातो.

२२ सप्टेंबर, सोमवार

गेलो होतो. रामाजी रामटेकला ड्यूटीवर. त्याच्या बायकोजवळ असला निरोप कसा ठेवणार? नाही तरी इतक्या दिवसांत काही झालं नाही, आता काय होणार. पोलिसांना कुठे आठवण राहते.

२८ सप्टेंबर, रविवार

आज अक्षर बरं येणार नाही.

चहा नुकताच आला होता. रुमालावर, कपाटावर, मास्तरांच्या मांडीवर, सगळीकडे घड्याळं. एकदम फळी खाडकन आपटली आणि फौजदार आत. मागे दोन शिपाई, आणि त्यांच्या मागे रामाजी. मी त्याच्याकडे पाहिलं नाही.

"विदेशी माल?" फौजदाराने विचारलं.

"नकली आहे साहेब सगळ्या," बाबूलाल उभा राहत म्हणाला.

"सगळे चोर हेच म्हणतात." फौजदाराने मास्तरांची कॉलर धरली, कारण ते सगळ्यात जवळ होते, आणि एक ठेवून दिली. चष्मा उडाला. बाहेर माणसं जमली होती. त्यात मास्तरांच्या शाळेतली मुलं होती आणि त्यांचे बापही. मास्तर खाली बसून चष्मा चाचपू लागले. मी म्हटलं होतं दोन दणके. हे तसं नव्हतं. तसंच होतं, पण मला असं दिसलं नव्हतं.

मग बाबूलालने पहिलं घड्याळ उचललं आणि फौजदाराच्या नाकासमोर धरलं. "हे पाहा साहेब. स्मिसमेड. हा देश जगात कुठी आहे?" ते माझंच होतं, त्याच्याकडेच ठेवलेलं. त्याने पुढचं उचललं. मग भैयाजीने. पडलेला चष्मा वाकडातिकडा लावून मास्तरही उठले. एकेक घड्याळ घेऊन तिघांनी पूजा सुरू केली. कायमची एकतीस तारीख. उलटा चालणारा काटा. यंत्रात लाल रंगाचे ठिपके देऊन केलेली माणकं. जन्मभर कौतुकाने जमवलेला माल ते असा शिव्या घालून उकिरड्यावर टाकत होते. आधी शिपाई हसले. मग बाहेरचे. शेवटी फौजदाराची मिशीसुद्धा हलली.

आणि त्याची नजर माझ्या मनगटावर गेली.

"याचं दाखव."

घड्याळ काढायला हात उठेना. फौजदाराने स्वतः ओढून काढलं, कानाशी धरलं, आणि त्याचा चेहरा बदलला. तो आवाज मला ठाऊक आहे.

"याची?" भैयाजी मोठ्याने म्हणाला. "साहेब, यात तं हा सगळ्यात भैताड आहे. याले कोनीही टोपी घालते. गिरणीचा भोंगा आहे हा. टाइम सांगते, पन घडी समजत नाही."

"हे तर बरोबर वाजतं आहे," फौजदार म्हणाला.

"द्या इकडं." बाबूलालने ते त्याच्या हातातून घेतलं. एकदा माझ्याकडे पाहिलं. "याच्या सासऱ्यानं लग्नात दिली असन. सासराही असाच आहे. साहेब, मी घडीसाज आहे. असली असती तं असं केलं असतं का म्या?" आणि त्याने ते घड्याळ बाहेर दगडी पायरीवर आपटलं.

काच फुटली. काटे निघून नालीत पडले. माझं अस्सल घड्याळ. मी ओरडणार होतो, पण भैयाजीने मागून माझा दंड असा दाबला की अजून वळ आहे.

फौजदाराने पायाने एक तुकडा बाजूला सारला आणि तो रामाजीवर उखडला. "ही तुझी खबर? कचरा दाखवायला आणलं मला?"

रामाजी चाचरला. "मले का मालूम, साहेब. मले तं या जागेश्वरजीनंच सांगतलं होतं."

पोलीस गेले. गर्दीही पांगली. आत चौघं उरलो. कोणीतरी काहीतरी बोलेल म्हणून मी वाट पाहत होतो. खाऊ की गिळू करून अंगावर येतील असं वाटत होतं. भैयाजी घड्याळं गोळा करत होता. मास्तर शर्टाची कॉलर सारखी करत होते. बाबूलाल खाली बसून माझ्या घड्याळाचे तुकडे वेचत होता. ते त्याने कागदात बांधले आणि मला दिले.

"घ्या, जागेश्वरजी," तो म्हणाला. "काच भेटली तं बसवून देऊ."

एक शिवी नाही. मी समजावून सांगायला तयार होतो, कुणी विचारलं असतं तर. कुणी विचारलं नाही.

२ ऑक्टोबर, गुरुवार

गिरणीला सुटी. विचार करतो आहे. बाबूलालला घड्याळ आपटायची काय गरज होती? दुसरा काही मार्ग नव्हता का? सुभद्राला सगळं कुठून तरी कळलं. ती फक्त एवढंच म्हणाली, "तुमी आत गेले असते." मी म्हटलं, पण घड्याळ फुटलं ना. ती आत निघून गेली.

५ ऑक्टोबर, रविवार

गेलो. दुकान उघडं होतं. मला पाहून तिघंही सरकले आणि मला भिंतीकडची जागा दिली, टेकायला मिळते ती. "या. बसा." मास्तरांनी प्रकृती विचारली. भैयाजी मला तुम्ही म्हणाला. हवेबद्दल बोलणं झालं. रुमाल घातलेला नव्हता. विचारलं तर म्हणाले, नवीन काही आलंच नाही. कपाटाच्या वर नवीन पुडकं ठेवलेलं मला दिसत होतं.

आता कुठे नीट वागायला शिकले. हेच तर मला पाहिजे होतं. इतके दिवस लिहितो आहे ते यासाठीच.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

दसरा. सोनं द्यायला मीच गेलो. दरवर्षी लोक सोनं देऊन गळाभेट घेतात. तिघांनी दोन्ही हातांनी सोनं घेतलं, नमस्कार केला. मास्तर तर वाकून पायाला हात लावायला गेले. वयाने ते माझ्याहून मोठे आहेत. मी मागे सरलो.

घरी आलो तर जेवण गेलं नाही. बाहेर बसून राहिलो. गिरणीतला एकजण रस्त्याने जाताना मारबतीचं ओरडला. मला राग यायला हवा होता. आला नाही. उलट वाटलं, थांब जरा, आणखी काही बोल.

२६ ऑक्टोबर, रविवार

काल शनिवारीत दिवसभर फिरलो. शेवटी हवं ते सापडलं. इतकं वाईट घड्याळ मी जन्मात पाहिलेलं नाही. कंपनीच्या नावात तीन चुका. आकडे एक ते अकरा, बारा गाळलेलाच. तास आणि मिनिट दोन्ही काटे सारखे लांब, त्यामुळे एक वाजून दहा की दोन वाजून पाच तेही कळू नये. पट्टा बायकांचा. विकणारासुद्धा मला म्हणाला, हे कशाला घेता. असं घड्याळ समोर आल्यावर भैयाजीला गप्प बसवणं देवाच्या बापाला जमणार नाही.

आज स्वतःच रुमाल पसरला आणि मधोमध ठेवलं.

भैयाजीने पाहिलं. "बरी आहे," म्हणाला.

"मास्तर, तुम्ही पाहा. अक्षरं पाहा ना."

मास्तरांनी हातात घेतलं. त्यांचा ओठ जरा हलला, मी पाहिलं, शिवी अगदी दातांपर्यंत आली होती. मग त्यांनी घड्याळ हळूच खाली ठेवलं. "जुनी कारागिरी आहे. सांभाळून ठेवा."

मग मीच सुरू केलं. म्हटलं, बारा कुठे आहे यात? कारखान्यात जेवणाची सुटी झाली होती का? पट्टा कोणाच्या बायकोचा चोरला? आणणारा तरी कसला अडाणी, टाइमकीपर म्हणे, याच्या सात पिढ्यांनी कधी घड्याळ पाहिलं नसेल. घड्याळाला, मला, माझ्या सासऱ्याला, कोणाला सोडलं नाही. घसा कोरडा पडला. तिघं मान हलवून ऐकत होते. "बरोबर आहे तुमचं," भैयाजी म्हणाला.

माझं डोकं फिरलं. मी बाबूलालकडे वळलो. म्हटलं, तू चोर आहेस. चांगलं घड्याळ फोडलंस माझं. तुला यंत्रातलं काडीचं कळत नाही, भिंग लावून नुसता शहाणपणा करतोस. तुझ्या बापाने तरी कधी घड्याळ पाहिलं होतं का? याला तो पूर्वी माझ्या पणज्यापर्यंत जाऊन उत्तर देत असे. माझे हात जोडलेले होते की मुठी आवळलेल्या, आता सांगता येत नाही. मी शिवीची भीक मागत होतो, एवढं खरं.

बाबूलालने भिंग काढून पेटीत ठेवलं.

"चुकलं आमचं, जागेश्वरजी," तो म्हणाला.

मी वाट पाहत बसलो. पुढे काही आलं नाही.